न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र: अपघाताचं बिल आधी आपल्याच विम्याकडे जातं

मंडळांच्या सर्व पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपती, दिवाळी, संक्रांत आणि नाटकांच्या धामधुमीतून वेळ काढून तुम्ही नव्याने आलेल्यांसाठी माहितीचे कार्यक्रम घेता. त्यात टॅक्स असतो, निवृत्तीच्या बचतीचं ४०१-के असतं, घर घ्यावं की भाड्याने राहावं यावर हिरिरीने वाद होतात. गाडीच्या इन्शुरन्सबद्दल मात्र जे काही बोललं जातं ते चहाच्या रांगेत, आणि तेही एकाच प्रश्नाभोवती: "तुला प्रीमियम किती पडतो?" ज्याचा कमी पडतो तो त्या घोळक्यातला शहाणा. त्याने वेबसाइटवर काय काय निवडलं ते बाकीचे फोनवर टिपून घेतात आणि घरी जाऊन तसंच निवडतात. त्या निवडीतल्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. त्या ओळीचं नाव पीआयपी, म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन.

मी मिडलसेक्स काउंटीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये बिलिंग बघते. अपघातात मान, पाठ, खांदा, गुडघा दुखावलेले लोक आमच्याकडे येतात आणि त्यात आपली माणसं बरीच असतात. पहिला फॉर्म भरून घेताना मी ऑटो इन्शुरन्सचा क्लेम नंबर मागते, आणि समोरून हमखास उत्तर येतं, "अहो, पण चूक त्याची होती! सिग्नल तोडून तो आला. बिल त्याच्या कंपनीला पाठवा ना." काहीजण तर रागावतात. चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड आपल्या विम्याला, हे त्यांना अन्यायाचं वाटतं. भारतात थर्ड पार्टीची सवय असलेल्या माणसाला ते तसं वाटणं साहजिकच आहे.

पण इथला कायदा तसाच आहे. न्यू जर्सी नो-फॉल्ट राज्य आहे. १९७२ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून तो लागू आहे. त्यानुसार अपघात कोणाच्याही चुकीने होवो, आपल्या उपचारांचा खर्च आधी आपल्याच गाडीच्या पॉलिसीतला पीआयपीचा भाग देतो. तुम्ही लाल सिग्नलला शांतपणे उभे असताना मागून कोणी आदळलं, तरी तुमचा पीआयपी. बर्फावरून गाडी घसरून तुम्हीच खांबाला धडकलात, तरी तुमचा पीआयपी. चूक कोणाची याचा हिशेब गाडीच्या दुरुस्तीसाठी आणि पुढच्या भरपाईच्या दाव्यासाठी होतो. डॉक्टरच्या बिलाला त्याची वाट बघावी लागत नाही.

ही कल्पना आली कुठून, तर साठच्या दशकात जखमी माणूस वर्षानुवर्षं कोर्टात चूक कोणाची ते सिद्ध करत बसायचा आणि तोवर हॉस्पिटलची बिलं थकलेली असायची. कीटन आणि ओ'कॉनेल या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी १९६५ मध्ये त्यावर तोडगा सुचवला: प्रत्येकाने आपल्या उपचारांचा विमा आपणच बाळगायचा, पैसे लगेच मिळवायचे, आणि त्या बदल्यात किरकोळ दुखापतींसाठी एकमेकांना कोर्टात खेचणं कमी करायचं. मॅसॅच्युसेट्सने १९७१ पासून ते आधी अमलात आणलं आणि मग एकेक राज्य मागोमाग गेलं. सौदा वाईट नाही. फक्त त्यातली आपली बाजू किती भक्कम ठेवायची हे आपल्यावर सोडलेलं आहे, आणि नेमकं तिथेच आपण काटकसर करतो.

न्यू जर्सीच्या स्टँडर्ड पॉलिसीत पीआयपीची मर्यादा मुळात अडीच लाख डॉलर असते. ती कमी करायचे पर्याय आहेत: दीड लाख, ७५ हजार, ५० हजार आणि १५ हजार. ऑनलाइन फॉर्म भरताना १५ हजारांवर क्लिक केलं की प्रीमियमचा आकडा खाली येतो, आणि चहाच्या रांगेतला शहाणपणा तो हाच. कायद्यात थोडी दया आहे, ती आधी सांगून टाकते. मेंदूला किंवा मज्जारज्जूला कायमची वा मोठी इजा झाली, चेहरामोहरा विद्रूप झाला, किंवा अपघातानंतर लगेच ट्रॉमा सेंटरमध्ये प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावे लागले, तर कमी मर्यादा निवडलेली असली तरी अडीच लाखांपर्यंत पैसे मिळू शकतात. म्हणून एजंट म्हणतात, "मोठं काही झालं तर आहेच की." खरं आहे. पण आमच्याकडे येणारी माणसं त्या मोठ्याच्या अलीकडची असतात. खांद्याचा स्नायू फाटलेला असतो, कमरेतली चकती सरकलेली असते, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेलं असतं. दोन एमआरआय, काही इंजेक्शनं, एखादी शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक आठवडे फिजिओ. १५ हजार डॉलर यात कुठे जातात ते कळतही नाही. मग एक दिवस कंपनीचं पत्र येतं की तुमचा पीआयपी संपला. त्यानंतर हेल्थ इन्शुरन्स पुढे येतो, पण तो त्याच्या डिडक्टिबलसह (म्हणजे आधी आपण खिशातून भरायची रक्कम), त्याच्या ठरलेल्या डॉक्टरांच्या नेटवर्कसह आणि वर्षाला फिजिओच्या भेटी अमुकच, या अटीसह. निम्म्यात डॉक्टर बदलावा लागलेला पेशंट बघवत नाही.

"मग उरलेलं त्या दुसऱ्या ड्रायव्हरकडून वसूल करू," असं कोणी म्हणेल. त्याचीही एक गंमत झाली होती. मार्च २०१९ मध्ये हेन्स विरुद्ध टाफ्ट या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांनी स्वतःहून १५ हजारांची मर्यादा निवडली, त्यांना वरची बिलं समोरच्या ड्रायव्हरकडून मागता येणार नाहीत. यावर इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून तो हक्क परत दिला. आज मागता येतं. पण मिळणार कशातून? समोरच्याकडे किती विमा आहे त्यातून. १ जानेवारी २०२६ पासून स्टँडर्ड पॉलिसीत दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी किमान ३५ हजार डॉलर दर माणशी आणि ७० हजार दर अपघाती ठेवावे लागतात. आणि समोरच्याने बेसिक नावाची कमी संरक्षणाची पॉलिसी घेतलेली असेल, तर दुसऱ्याच्या इजेसाठी त्यात मुळात शून्य असतं; त्याने हौसेने वाढवलं तर १० हजार. अशा माणसाशी गाठ पडली तर वकिलालाही फारसा उत्साह उरत नाही.

या बेसिक पॉलिसीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नुकतेच आलेले विद्यार्थी "लायसन्सपुरती" म्हणून ती घेतात. तिच्यात पीआयपी १५ हजारच असतो. वरच्या गंभीर इजांचा अपवाद तिलाही आहे, पण तिच्यावर गाडी चालवणारा माणूस दुसऱ्याला जखमी करून बसला तर त्याच्या पाठीशी कोणी नसतं. नोकरीला लागल्यावर तरी ती बदलून घ्या, हे कोणीतरी त्यांना मोठ्या आवाजात सांगायला हवं.

आता दुसरं एक खोकं, ज्यावर आपले लोक फार विश्वासाने टिक करतात: हेल्थ प्रायमरी. म्हणजे अपघातातही आधी हेल्थ इन्शुरन्सने पैसे द्यायचे आणि पीआयपी मागे राहायचा. प्रीमियम कमी होतो. चांगला हेल्थ प्लॅन असलेल्याला हे परवडूही शकतं, मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण आधी प्लॅनच्या पुस्तिकेत बघा की गाडीच्या अपघातातल्या इजा तो देतो का. मोठ्या कंपन्यांचे स्वतःच्या पैशातून चालवलेले प्लॅन असतात, त्यातले काही अशा इजा वगळतात. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) असणाऱ्यांना हा पर्याय घेताच येत नाही. ग्रीन कार्डवर राहिलेल्या सासूबाई मेडिकेअरवर असतील तर हे ध्यानात ठेवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या एच-१बीवाल्यांची. नोकरी गेली की हेल्थ इन्शुरन्स जातो. नवीन मिळेपर्यंत माणूस रेझ्युमे, व्हिसा आणि मुलांची शाळा या काळजीत असतो. गाडीच्या पॉलिसीत आपण हेल्थ प्रायमरी निवडलं होतं हे त्याच्या डोक्यातही नसतं. त्या काळात अपघात झाला तर पीआयपी पैसे देतो, पण ७५० डॉलरचं जादा डिडक्टिबल लावून. ले-ऑफच्या दिवसांत ७५० म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

डिडक्टिबलचा हिशेब एकदा मांडून दाखवते, कारण लोक त्याला उगीच घाबरतात. नेहमीच्या पॉलिसीत पहिले २५० डॉलर तुमचे. त्यापुढे ५ हजारांपर्यंतच्या बिलात २० टक्के तुमचे, म्हणजे जास्तीत जास्त ९५०. एकूण १,२०० डॉलर तुमच्या खिशातून, आणि ५ हजारांच्या वर मर्यादेपर्यंत सगळं कंपनीचं. २,५०० डॉलरचं डिडक्टिबल निवडलंत तर हीच बेरीज ३ हजारांवर जाते. माझं मत विचाराल तर पैसे वाचवायचेच असतील तर इथे वाचवा. डिडक्टिबल वाढवलं तर नुकसान किती होईल ते आधी माहीत असतं आणि ते पेलता येतं. मर्यादा कमी केली तर भोक किती मोठं पडेल ते कोणालाच माहीत नसतं.

पीआयपीत औषधोपचारांखेरीजही थोडं काही असतं, आणि त्यातले आकडे वाचून हसू येतं. पगार बुडाला तर आठवड्याला १०० डॉलर, तेही ५२ आठवडे. घरकाम आणि मुलं सांभाळणारी व्यक्ती जखमी झाली आणि त्या कामाला दुसरं कोणी ठेवावं लागलं, तर दिवसाला १२ डॉलर. राज्यात किमान वेतन तासाला १५ डॉलरच्या वर गेलेलं असताना दिवसभरासाठी बारा! जास्तीचे पैसे भरून हे आकडे वाढवता येतात. नवऱ्याच्या व्हिसामागे मिळणाऱ्या एच-४वर असलेल्या ज्या बायका दिवसभर घर चालवतात, त्यांच्या घरी तरी याचा विचार व्हावा.

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "पण मी त्या गाडीत नव्हतोच, मग पॉलिसी कोणाची?" पीआयपी माणसामागे चालतो. पॉलिसीधारक आणि त्याच्या घरात राहणारे कुटुंबीय यांना तो कुठल्याही खाजगी मोटारीत बसलेले असताना लागू होतो. पायी चालताना किंवा सायकलवर असताना मोटारीने धडक दिली तरीही होतो. ओक ट्री रोड ओलांडताना तुम्हाला गाडीने उडवलं, तर तुमची स्वतःची गाडी घरी गॅरेजमध्ये उभी असली तरी क्लेम तिच्या पॉलिसीवर. एका घरात राहणारा सख्खा भाऊ यात बसतो, रूममेट बसत नाही. ज्याची स्वतःची किंवा घरातल्या कोणाची पॉलिसी नाही, असा रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी मित्राच्या गाडीत असेल तर त्या मित्राच्या पॉलिसीतून त्याला उपचार मिळतात. असा विमा नसलेला माणूस पायी जाताना जखमी झाला, तर राज्यात प्रॉपर्टी-लायबिलिटी इन्शुरन्स गॅरंटी असोसिएशन आहे. तिथे अर्ज करता येतो, पण तिच्या अटी आहेत आणि कळवण्यात दिरंगाई चालत नाही. मोटरसायकलवर पीआयपी नाही, हे तरुण मुलांच्या आईवडिलांनी ऐकून ठेवावं. आणि इलेक्ट्रिक स्कूटरवर उभा राहून जाणारा माणूस पादचारी नाही, असं २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. म्हणजे त्यालाही पीआयपी मिळत नाही.

आणि आई-बाबा. एप्रिल-मे आला की नेवार्क विमानतळावर आपल्या सगळ्यांचे आई-बाबा उतरतात. मुलाच्या गाडीतून फिरताना अपघात झाला तर प्रश्न नाही, परवानगीने गाडीत बसलेला कोणीही मुलाच्या पीआयपीत येतो. पण बाबा सकाळी एकटेच फेरफटका मारायला गेले आणि वळणाऱ्या गाडीने त्यांना धक्का दिला, तर? सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरात राहणारे कुटुंबीय की पाहुणे, यावर कंपनी प्रश्न उभा करू शकते, आणि तो सुटेपर्यंत बिलं घरी येत राहतात. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना म्हणूनच दोन गोष्टी वाचा: गाडीच्या अपघाताबद्दल त्यात काय लिहिलंय, आणि दुसरा विमा असेल तर तो आधी की हा आधी. ठराविक आकड्यांचे स्वस्त प्लॅन असतात, त्यांत हॉस्पिटलच्या एका दिवसाला ठरलेली रक्कम मिळते आणि उरलेलं मुलगा भरतो. सत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर ते उरलेलं किती असेल याचा अंदाज करा.

अपघाताच्या दिवशीची एक चूक इतक्यांदा बघितली आहे की ती इथे लिहितेच. इमर्जन्सीत काउंटरवर कार्ड मागतात, आपण सवयीने हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड देतो. हॉस्पिटल तिकडे बिल पाठवतं, तिकडून "हा अपघात आहे, ऑटोकडे जा" म्हणून ते परत येतं. हॉस्पिटलला तुमची ऑटो कंपनी माहीत नसते, मग बिल तुमच्या नावाने घरी येतं, घर बदललेलं असेल तर जुन्या पत्त्यावर जातं, आणि शेवटी वसुलीवाल्याचा फोन येतो. हे टाळायचं तर त्याच दिवशी स्वतःच्या कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्यायचा आणि तो प्रत्येक ठिकाणी द्यायचा: हॉस्पिटल, अँब्युलन्स, रेडिओलॉजी. ही सगळी वेगवेगळी बिलं असतात. पुढच्या तपासण्या आणि उपचार यांची कंपनीकडून आधी मंजुरी घ्यायची असते. ते काम क्लिनिकचं, पण झालं का एवढं विचारत राहा. कंपनी स्वतःच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावते, ती चुकवू नका. अशा तपासण्या चुकवत राहिलात तर पैसे थांबू शकतात. दरपत्रक राज्याने ठरवलेलं आहे, त्यापेक्षा जास्तीचा फरक डॉक्टरने तुमच्याकडून मागणं कायद्यात बसत नाही.

खटल्याच्या हक्काबद्दल दोनच वाक्यं. प्रीमियम कमी व्हावा म्हणून बहुतेक जण दाव्यावर मर्यादा (फॉर्मवरचं "लिमिटेड") स्वीकारतात, आणि मग वेदनेची नुकसानभरपाई फक्त मृत्यू, अवयव गमावणं, मोठी विद्रूपता, हाड सरकून मोडणं, गर्भ गमावणं किंवा कायमची इजा यांतच मागता येते. उपचारांच्या बिलांचा याच्याशी संबंध नाही, त्यामुळे "मी लिमिटेड घेतलंय, मला काही मिळणार नाही" असं म्हणून उपचार अर्धे सोडू नका.

आपल्यातले बरेच जण दोन-चार वर्षांत दुसऱ्या राज्यात जातात, आणि जाताना न्यू जर्सीचे समज बरोबर नेतात. हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये पीआयपी ५० हजारांचा आणि कळवायला ३० दिवस. पेनसिल्व्हेनियात उपचारांसाठी किमान ५ हजारच. फ्लोरिडात १० हजार, त्यातही बिलाचे ८० टक्के, आणि १४ दिवसांच्या आत डॉक्टरकडे गेला नाहीत तर काहीच नाही. "दोन दिवस बघू, मान आपोआप बरी होईल" म्हणणाऱ्या आपल्या स्वभावाला हे राज्य मानवणारं नाही. मिशिगनमध्ये एकेकाळी आजन्म, अमर्याद उपचार मिळायचे. जुलै २०२० पासून तिथेही निवड आली आणि लोकांनी स्वस्त पर्याय उचलायला सुरुवात केली. टेक्सासात कंपनीने पीआयपी द्यायलाच हवा असतो, नको असेल तर लेखी नकार द्यावा लागतो. डलासला गेलेल्यांनी आपण कशावर सही केली ते एकदा उघडून बघावं. कॅलिफोर्नियात तर चूक ज्याची त्याने भरायचं, तिथे उपचारांच्या खर्चासाठी मेडपे नावाचं वेगळं कलम स्वतःहून घ्यावं लागतं.

तर मागणी अशी आहे. पुढच्या माहिती-कार्यक्रमात गाडीच्या विम्याला पूर्ण एक तास द्या, आणि तो मार्चमध्ये घ्या, आई-बाबा यायच्या आधी. येताना प्रत्येकाने आपल्या पॉलिसीचं डेक्लरेशन पेज, म्हणजे आपण काय काय निवडलं ते लिहिलेलं पान, फोनवर किंवा छापून आणावं. पीआयपीची मर्यादा, डिडक्टिबल आणि हेल्थ प्रायमरी आहे की नाही, ही तीन खोकी प्रत्येकाने स्वतः शोधून काढायची. शेजारच्याची बघायची नाहीत. ज्यांना १५ हजार दिसतील त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावून वाढवायचा भाव विचारावा. फरक किती निघतो ते त्यांचं त्यांनाच बघू द्या.

दुसरी मागणी जरा अवघड आहे. स्मरणिकेत आणि स्टॉलवर विमा एजंटांच्या जाहिराती असतात, त्यांच्याशिवाय हॉलचं भाडं निघत नाही हे मलाही कळतं. पण त्या तासाला व्यासपीठावर त्यांच्यापैकी कोणी नको. पॉलिसी विकणाऱ्याने पॉलिसी समजावून सांगितली की शेवटी ती प्रीमियमवरच येते. त्याऐवजी एखादी हॉस्पिटलमधली सोशल वर्कर, एखादा अपघातांची प्रकरणं लढवणारा वकील आणि आमच्यासारखे बिलिंगवाले बसवा. वकिलाने त्या दिवशी स्वतःची कार्डं वाटू नयेत एवढी अट घाला.

मी यायला तयार आहे, पैसे नकोत. शनिवारी आमचं क्लिनिक दुपारपर्यंत असतं, त्यानंतरची कुठलीही वेळ चालेल. कार्यक्रमाच्या सूचनेत "डेक्लरेशन पेज आणणे" हे ठळक अक्षरात छापा, नाहीतर सगळे नुसतं ऐकून जातील.

आपली,
न्यू जर्सीतली एक सभासद